भाकरी, गुरं आणि गावाचा इतिहास

माण तालुक्यातल्या एका लहानशा गावातून मी बोलतेय. दीड वर्ष झालं, आमच्या बचत गटातल्या आम्ही पाचजणी मिळून गावाचा इतिहास लिहितोय. घर, गुरं, रान बघून हे जमतं कसं, असं कुठंही गेलं तरी बाया विचारतात. म्हणून आज तेच सांगते.

सुरुवात झाली ती यात्रेत. गावानं एक पुस्तिका छापली होती. देवळाचा जीर्णोद्धार, कुस्त्यांचे फड, जुने पाटील, वर्गणीदारांची नावं, सगळं होतं. त्यात बाई एकच, गावदेवी. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चष्मा लावून पानं उलटत होत्या. म्हणाल्या, “पाझर तलाव कुणी बांधला ते नाही व्हय यात?” मी विचारलं, “कुणी बांधला?” “आम्ही,” त्या म्हणाल्या आणि परत शेंगा फोडायला लागल्या.

त्या रात्री मी पोरीची अर्धी कोरी वही घेतली आणि पहिलं पान लिहिलं.

आता वेळेचं सांगते. पहिले दोन महिने मी चोरून लिहीत होते. सगळे झोपले की दहानंतर बसायचं, पहाटे पाचला उठून धार काढायची. एक दिवस चुलीवर भाकरी ठेवली आणि वहीत डोकं घातलं. भाकरी करपली, पोरगा डबा न घेता शाळेत गेला. आमचे मालक चिडले. “घर सोडून गाव कशाला उकरतेस?” म्हणाले. मला लई लागलं ते. पण चूक माझीही होती. मी काय करतेय ते घरात कुणाला सांगितलंच नव्हतं.

रविवारी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, की हे काम आहे, वर्षभर चालणार आहे आणि मला दिवसातले दीड तास पाहिजेत. दुपारी दोन ते साडेतीन ठरलं. संध्याकाळचं दूध डेअरीवर घालायचं काम मालकांनी घेतलं. पोरीनं शेळ्यांचं घेतलं. सुगीत आणि कांदा लागणीत वही बंद, हेही तेव्हाच ठरलं. सगळं रोज पाळलं जातं असं नाही. पाहुणे येतात, गाय आजारी पडते. पण ‘ही दोन वाजता लिहायला बसते’ हे घराला माहीत झालं, की हाक मारणारा आधी थोडा थांबतो.

वहीची जागाही ठरवा. आमच्या शेळीनं एका कुटुंबाची दोन पानं खाल्ली, तेव्हापासून वही पत्र्याच्या पेटीत असते. मोबाईलमधल्या रेकॉर्डिंगचंही तेच. वाड्यातल्या एका म्हाताऱ्या आजींचा आवाज मी तासभर भरून घेतला होता. लिहून काढायचं उद्यावर ढकललं. फोनची जागा भरली म्हणून पोरानं जुन्या फायली पुसल्या, त्यात तीही गेली. पुढच्या महिन्यात आजी गेल्या. तेव्हापासून नियम केला, ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी निदान अर्धं पान लिहायचं.

दुसरी गोष्ट, विचारायचं कसं? “आजी, तुमचं लग्न कोणत्या साली झालं?” असं विचारलं तर उत्तर येतं, “मला काय ठावं बया?” म्हणून साल विचारायचं नाही, खूण विचारायची. कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर? तो झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. बहात्तरच्या दुष्काळात पोर कडेवर होतं का पोटात? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा, म्हणजे १९८४ च्या दिवाळीच्या सुमारास, लेक कितवीत होती? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे १९९३ ला, घर मातीचं होतं की विटांचं? आत्या म्हणाल्या, “भूकंप झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी या घरात आले.” म्हणजे १९६८ चा उन्हाळा. अशा चार खुणा जुळल्या, की आयुष्य ओळीनं मांडता येतं.

मुलाखत म्हणून समोर बसलं तर बाया गप्प होतात. शेंगा फोडताना, गोधडी शिवताना, डाळ निवडताना बोलतात. आपले हात रिकामे ठेवू नका. जुन्या बायांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा. त्यात माहेर, सासर, पाऊस, बाजार, सगळं येतं. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी खेडोपाडी बायांबरोबर काम करून अशा लाखभर ओव्या जमवल्या. बायांचा इतिहास बायांच्या तोंडात असतो, हे त्या कामानं दाखवून दिलं.

तिसरी गोष्ट कागदांची. शाळेचं जनरल रजिस्टर बघायला मागा. कोणत्या साली किती मुली आल्या, कितवीत शाळा सोडली, कारण काय लिहिलंय, ते कळतं. आमच्या शाळेत जुन्या काळच्या मुलींची नावं चौथीपर्यंत दिसतात, मग गळत जातात. तलाठ्याकडचे जुने फेरफार बघा. त्यात बाई बहुतेक दोन वेळा भेटते, एकदा नवरा गेल्यावर वारस म्हणून आणि एकदा भावाला हक्कसोड दिल्यावर. स्वातंत्र्याआधीचे बरेच कागद मोडीत आहेत, ते वाचणारा माणूस शोधावा लागतो. साताऱ्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर १८८५ साली छापलं. त्यात गावं, पिकं, बाजार, रस्ते यांची माहिती आहे.

गावातले दगडही वाचता येतात. देवळाबाहेर वीरगळ असेल तर खालच्या कप्प्यात लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा दिसते. शेजारी सतीशिळा असेल तर तिच्यावर कोपरात वाकलेला हात आणि मनगटात बांगड्या. त्या बाईचा तेवढा हातच उरलाय, नाव नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक घराच्या पानावर एक रकाना केला. घरातल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, सासरी ठेवलेलं नाव आणि ती करत आलेलं काम. लग्नात नाव बदललं, की बाई कागदातून हरवते. शाळेच्या रजिस्टरात एक, इथं दुसरीच. रकाना भरताना सत्तरीच्या एक काकू स्वतःचं माहेरचं नाव सांगून हसल्या आणि मग पदर डोळ्याला लावला. चाळीस वर्षांत त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. काय छापायचं आणि काय नाही?

आत्या एका दुपारी पाझर तलावाचं सांगत होत्या. दुष्काळी कामावर नवरा-बायको दोघं जायची. पुरुष खोदायचे, बाया मातीच्या पाट्या वाहायच्या. रेशनला लाल मिलो मिळायचा, कामावर सुकडी वाटायचे. सांगता सांगता म्हणाल्या, “बाभळीला झोळी बांधून थोरलीला निजवायचे.” मी विचारलं, “थोरली कोण?” आमचे मालक घरातले थोरले, असंच मला माहीत होतं. त्यांनाही तेच माहीत होतं. ती वर्षाची होती. हगवण लागली आणि दोन दिवसांत गेली. तिसऱ्या दिवशी आत्या परत पाट्या उचलायला गेल्या, कारण हजेरी बुडाली तर घरात दाणा नव्हता.

मी ग्रामपंचायतीत जाऊन जन्म-मृत्यूची नोंद बघितली. तिचा जन्म नाही, मृत्यूही नाही. मालकांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आईला विचार. ती म्हणेल तसं कर.” त्या दिवसापासून ‘गाव कशाला उकरतेस’ हे वाक्य आमच्या घरात परत आलं नाही.

मी विचारलं, “आत्या, हे पुस्तकात घालू का?” त्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाल्या, “घाल. नाव पण घाल. पर रेडिओवर नको सांगू.” म्हणून ते नाव मी इथं सांगत नाही.

तेव्हापासून आम्ही हे पाळतो. सांगणाऱ्या बाईला तिचं पान वाचून दाखवायचं, ती नको म्हणेल ते काढायचं. भांडणाची गोष्ट असेल तर दोन्ही बाजू ऐकायच्या. कोर्टात चालू असलेला जमिनीचा वाद पुस्तकात घ्यायचा नाही. आमच्या चुलत दिरांना वाटलं, मी विहिरीचं जुनं भांडण लिहून भाऊबंदकी पेटवणार. “भाऊजी, आधी तुम्हीच वाचा,” म्हणून मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक चूक दाखवली. विहीर खोदली होती त्यांच्या आजीच्या बोरमाळेवर, माळ मोडून. ती आजी आता पुस्तकात आहे.

आमची सत्तावन्न घरं लिहून झालीत, एकवीस राहिलीत. पुस्तक जाड होणार नाही. छपाईला गटाच्या बचतीतून थोडं आणि गावातून थोडं जमवतोय.

तुम्हाला लगेच पुस्तक लिहा असं मी म्हणत नाही. पुढच्या बैठकीला येताना एकेक पान आणा. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, तुमचं माहेरचं नाव काय, गाव कोणतं आणि बहात्तरला तुम्ही कुठल्या कामावर होता? लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि पेटीत ठेवा. हे लवकर करा, कारण सांगणाऱ्या बाया दरवर्षी कमी होतायत.

येते मग. दोन वाजत आले.