थंड पाण्यातले सांगावे

माशालाही ताप येतो, हे १९७६ साली नीट दाखवलं गेलं. अमेरिकेतल्या रेनॉल्ड्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ब्लूगिल आणि बास या माशांना एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू टोचला आणि त्यांना गार किंवा उबदार पाण्यात जायची मोकळीक दिली. आजारी मासे नेहमीपेक्षा उबदार पाण्यात जाऊन राहिले. अंगातली ऊब धरून ठेवायची सोय अशा माशाकडे नसते. ताप हवा तर त्याला पोहत जाऊन तो मिळवावा लागतो. पण ‘तिकडे चल’ हा निरोप त्याला आतून कोण देतं? पुढच्या जवळपास पन्नास वर्षांतलं पुष्कळ संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतं.

आपल्या शरीरात असे निरोप सायटोकाइन नावाची छोटी प्रथिनं नेतात. जंतू शिरला की पहिल्या भेटलेल्या पेशी ती सोडतात. मग कुठे सूज येते, कुठे ताप चढतो, कुठे पांढऱ्या पेशींची फौज निघते. यातलं इंटरफेरॉन आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी लंडनमध्ये १९५७ साली ओळखलं. माशांच्या पेशीही विषाणूला असंच काहीतरी सोडून अडवतात, हे १९६०च्या दशकात कळलं होतं. परिणाम दिसत होता, रेणू मात्र हाती लागत नव्हता.

असे रेणू हाती लागू लागले ते थंड पाण्यात, आणि त्याला कारण सामन. नॉर्वेच्या किनाऱ्यावर पिंजऱ्यांतली सामनशेती वाढली तसा थंडीतला व्हिब्रिओ रोगही वाढला. १९८७ साली तिथल्या माशांना सुमारे पन्नास टन प्रतिजैविकं दिली गेली. लसी आल्या आणि दहाएक वर्षांत हा आकडा जेमतेम टनभरावर आला. मत्स्यविज्ञानातली इतकी मोठी कामगिरी मला दुसरी आठवत नाही. लस का लागू पडते, कधी पडत नाही, हे समजून घ्यायला पैसा उभा राहिला आणि ट्राउट-सामनच्या रक्तातले निरोप वाचायची घाई सुरू झाली.

माणसाच्या इंटरल्यूकिन-१ या सायटोकाइनचा जनुक १९८४ मध्येच सापडला होता. ताप आणणाऱ्या प्रमुख निरोपांपैकी हा एक. ट्राउटमधला त्याचा भाऊबंद स्कॉटलंडच्या अॅबर्डीन विद्यापीठातल्या ख्रिस सेकोम्ब्स यांच्या गटाने १९९९ साली प्रसिद्ध केला. पंधरा वर्षं लागली, कारण हे जनुक फार झपाट्याने बदलतात. माशाचा आणि माणसाचा रेणू शेजारी ठेवले तर साम्य जेमतेम ओळखू येतं. इंटरल्यूकिन-२ तर थेट शोधून मिळेचना. शेवटी २००५ मध्ये तो फुगू माशात मिळाला, तोही शेजारच्या जनुकांवरून. जुन्या पेठेत घराचा नंबर पुसला गेला तरी डावीकडचे जोशी आणि उजवीकडचे शेटे यांच्यावरून वाडा सापडतो, तसा. त्याआधी २००३ मध्ये झेब्राफिश आणि अटलांटिक सामन यांचं इंटरफेरॉन हाती आलं होतं. पुढची दहा वर्षं अशा नावांची रांगच लागली.

रांग लांबली याचं एक कारण ट्राउट-सामनच्या पूर्वजात दडलेलं आहे. सुमारे आठ ते दहा कोटी वर्षांपूर्वी त्याचा सगळा जनुकसंच दुप्पट झाला. २०१४ मध्ये ट्राउटचा आणि २०१६ मध्ये सामनचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्या दुपटीतल्या कितीतरी जोड्या अजून कामात असल्याचं दिसलं.

याच काळात कॉडने मोठा धक्का दिला. २०११ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी अटलांटिक कॉडचा जनुकसंच वाचला, तर मदतनीस टी-पेशींना जंतूची ओळख पटवून देणारी एमएचसी-२ ही अख्खी यंत्रणाच गायब. तरीही कॉड थंड समुद्रात लाखो वर्षं टिकून आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातली प्रतिकारशक्ती ही अनेक रचनांपैकी एक आहे, हे मला तरी कॉडमुळेच पटलं.

या सगळ्याचा सोलापूरशी संबंध काय? भीमेवरच्या उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय ट्राउटचं पाणी नाही आणि कधी होणारही नाही. तिथे कटला, रोहू, मरळ, चिलापी. पण थंडी ज्याच्या त्याच्या अंगावर असते. दहा-बारा अंशांत सुखाने राहणाऱ्या ट्राउटला जे नेहमीचं, त्याहून कितीतरी गरम पाणीही मरळीला गारठवतं. अमेरिकेतल्या कॅटफिशवर ब्लाय आणि क्लेम यांनी दाखवलं, की पाणी गार झालं की नव्या शत्रूची ओळख करून घेणाऱ्या टी-पेशी सगळ्यांत आधी मंदावतात.

१९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरलेला आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पसरलेला व्रणरोग याच फटीतून येतो. अॅफॅनोमायसिस इन्व्हडन्स हा बुरशीसारखा जीव पावसाळ्यानंतरच्या थंडीत माशाच्या कातडीवर रुजतो. मरळीवरच्या प्रयोगांत गार पाण्यात दाह उशिरा आणि कमजोर झाला, तर उबदार पाण्यात तो जोमाने झाला आणि जखमा भरल्या. बुरशी तीच होती. फरक निरोप वेळेवर पोचण्याचा असावा. डिसेंबर-जानेवारीत काठालगतचं उथळ पाणी रात्री आधी गार होतं. तिथल्या मरळीला ट्राउटवर झालेलं हे सगळं काम जवळचं आहे.

थंड पाण्यातलं एक शहाणपण आपल्याकडे पोचलेलंही आहे. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या मत्स्यसंशोधन संस्थेने १९९२ पासून नॉर्वेच्या सामन पैदासकारांच्या मदतीने निवडीने रोहू वाढवला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात त्याला ‘जयंती’ नाव मिळालं. सुरुवातीला निवड फक्त वाढीसाठी होती. पुढे रोगाला तोंड देणारी घराणीही निवडली जाऊ लागली, आणि परीक्षेसाठी घेतलेला जिवाणू होता एरोमोनास हायड्रोफिला, १९७६ च्या प्रयोगातलाच. तगलेल्या आणि मेलेल्या रोहूंमध्ये कोणते जनुक वेगळे वागतात, याची यादीही तयार होऊ लागली.

ही तपासणी प्रयोगशाळेच्या ठरलेल्या तापमानात होते. भीमेच्या पाण्यात सोडलेल्या बोटुकलीला उन्हाळ्याचा तडाखा आणि पौषातला गारठा एकाच वर्षात सोसायचा असतो. तिच्या अंगातला इंटरल्यूकिन-१ कुठल्या अंशाला मंदावतो, हे महिन्या-महिन्याला मोजायला हवं. त्यासाठी लागणारी यंत्रं आता जिल्ह्याच्या विद्यापीठांनाही परवडतात आणि सोलापूरला विद्यापीठ २००४ पासून आहे. नोंदी निदान तीन हिवाळ्यांच्या हव्यात, आणि त्या काठच्या भोई मच्छीमारांना सोबत घेऊन व्हाव्यात. व्रण झालेला मासा आधी त्यांच्याच जाळ्यात येतो.