ख्रिस्ती विचारधारा, लेखांक सातवा : कृपेचा कज्जा

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील पापविचार गेल्या लेखांकात आपण पाहिला. त्या पापातून मनुष्य स्वप्रयत्नाने सुटतो की देवाच्या कृपेने, हा प्रश्न पौलानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी ज्या दोन पुरुषांमध्ये विकोपास गेला, ते दोघेही धर्मनिष्ठ आणि तपस्वी होते, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

ऑगस्टीन हा उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात, देवाने मनुष्याकडून जे आचरण अपेक्षिले त्याचे बळही देवानेच पुरवावे, अशा आशयाची प्रार्थना त्याने केली होती. ती रोममध्ये एका बिशपाच्या मुखातून कानी पडताच ब्रिटनहून तेथे येऊन राहिलेला विरक्त साधक पेलाजियस इतका क्षुब्ध झाला की, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात होते, असे पुढे ऑगस्टीननेच नमूद केले आहे. पेलाजियसचा हा क्षोभ मला क्षुद्र वाटत नाही. नामधारी ख्रिस्ती झालेल्या रोमच्या धनिकवर्गात तो नीतीचा उपदेश करीत होता, आणि जे करणे मनुष्याच्या शक्तीबाहेर आहे त्याची आज्ञा न्यायी देव देईलच कशी, हा त्याचा प्रश्न नीतिशास्त्राच्या मुळाशी जाणारा होता. ऑगस्टीनचे उत्तर मात्र प्रमेयातून नव्हे, अनुभवातून आले होते: ३८६ मध्ये मिलान येथे, सत्य बुद्धीला पटलेले असूनही जुन्या वासनांचा त्याग करण्यास संकल्प धजत नाही, आपलीच इच्छा आपल्याशी झगडते, हे त्याने भोगले होते, म्हणून ज्या इच्छेच्या बळावर पेलाजियसची भिस्त, तीच रोगग्रस्त असून तिला प्रथम बरे करणारी ती कृपा, असे तो म्हणे, आणि मनुष्यस्वभावाचे हे निदान मला अधिक खोल वाटते.

४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले, त्या धामधुमीत पेलाजियस आफ्रिकेमार्गे पॅलेस्टाइनला पोहोचला. तेथे ४१५ मध्ये डायोस्पोलिसच्या धर्मसभेपुढे त्याच्यावर फिर्याद गुदरली, परंतु फिर्यादी बिशप गैरहजर राहिले आणि तो निर्दोष सुटला. ४१८ मध्ये मात्र कार्थेजच्या सभेने त्याची मते त्याज्य ठरविली आणि सम्राट होनोरियसच्या फर्मानाने त्याला रोममधून हद्दपार केले. त्याचे पुष्कळसे लेखन आज विरोधकांनी दिलेल्या उताऱ्यांतूनच हाती लागते, आणि पौलाच्या पत्रांवरील त्याचे भाष्य तर शतकानुशतके जेरोमच्या नावावर खपत राहिले.

वाद एवढ्याने शमला नाही. बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेली तान्ही बालकेही आदामाच्या पापामुळे दंडास पात्र ठरतात, हे ऑगस्टीनचे मत इटलीतील बिशप जुलियन याने देवाच्या न्यायीपणाला कलंक लावणारे म्हणून झुगारले, आणि येथे माझा कौल जुलियनकडे आहे. त्याला उत्तर म्हणून ऑगस्टीनने आरंभिलेला ग्रंथ ४३० मध्ये त्याच्या निधनाने अपुरा राहिला. जवळजवळ शंभर वर्षांनी, ५२९ मध्ये, गॉलमधील ओरांजच्या धर्मसभेने श्रद्धेचा आरंभदेखील कृपेनेच होतो हे ऑगस्टीनचे मत ग्राह्य धरले, परंतु देवाच्या योजनेनेच कोणी दुष्कर्मास नेमलेला असतो, या मताचा त्याच ठरावात कडक शब्दांत धिक्कार केला.