ग्राफिक्स टॅबलेटची खरेदी : खोक्यावरील आकड्यांपलीकडे काय पाहावे?

जबलपूर शहरातील ओमती आणि त्याला लागून असलेला मढाताल हा भाग संगणक व मोबाइलच्या खरेदीसाठी परिचित आहे. संगणकावर चित्रे काढू इच्छिणारा विद्यार्थी पालकांसह अशा बाजारात ग्राफिक्स टॅबलेटची चौकशी करतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन-अडीच हजार रुपयांपासून थेट पन्नास हजारांच्या पुढचे पर्याय ठेवले जातात. जवळजवळ प्रत्येक खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. मर्यादित उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा खर्च लहान नसतो आणि चुकीची निवड झाल्यास ती वस्तू महिन्याभरात कपाटात जाते.

जबलपूरला चित्रकलेची परंपरा आहे. भारतीय राज्यघटनेच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेचे पान सजविणारे, नंदलाल बोस यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा हे याच शहराचे. याच शहरात २००५ साली भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन व निर्माण संस्था स्थापन झाली. तेथील डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमाला 'यूसीड' या परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. डिझाइन शिकायचे म्हणजे आधी टॅबलेट हवा, असा समज त्यामुळे सहज रुजतो. परंतु आयआयटी मुंबईतर्फे घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेचा पहिला भाग संगणकावर असला, तरी रेखाटनाचा भाग कागदावरच सोडवावा लागतो. महाराष्ट्रातील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांचेही तसेच आहे. केवळ प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी टॅबलेट विकत घेण्याचे काहीही कारण नाही. तो पैसा कागद, पेन्सिली आणि रंगांवर खर्च झालेला बरा. टॅबलेटची गरज पडते ती पुढे, म्हणजे पुस्तकांसाठी चित्रे, ॲनिमेशन, चित्रकथा किंवा अक्षररचना यांचे काम संगणकावर सुरू झाल्यावर.

पाटी आणि लेखणी

येथे 'टॅबलेट' या शब्दाने गोंधळ होतो. हातात धरून चित्रपट पाहण्याचा टॅबलेट निराळा. ग्राफिक्स टॅबलेट ही संगणकाला तारेने जोडावयाची एक सपाट पाटी असते. तिच्यावर विशिष्ट लेखणीने रेघ ओढली, की ती संगणकाच्या पडद्यावर उमटते. शाळेतील पाटी-पेन्सिलीशी तिचे साम्य एवढे आहे, की तिला पाटीच म्हणणे सोयीचे ठरावे. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी, रबरी टोकाची मोबाइलची लेखणी ही मात्र बोटाचा पर्याय आहे. हाताचा दाब तिला कळत नाही.

पाटीखाली तारांचे सूक्ष्म जाळे असते आणि ते विद्युतचुंबकीय लहरी सोडते. लेखणीतील वेटोळे त्या लहरींवर ऊर्जा मिळवून प्रतिसाद देते. त्यावरून लेखणी नेमकी कोठे आहे आणि तिच्यावर किती दाब आहे हे पाटीला समजते. त्यामुळे लेखणीला बॅटरी लागत नाही. १९८३ साली जपानमध्ये स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने हे तंत्र लोकप्रिय केले. ह्युऑनसारख्या चिनी कंपन्यांच्या जुन्या लेखण्या चार्ज कराव्या लागत. आता ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन यांच्या स्वस्त पाट्यांबरोबरही बिनबॅटरीची लेखणी येते. जुना साठा खपविण्यासाठी चार्जिंगची लेखणी पुढे केली गेल्यास ती नाकारावी. बॅटरी निकामी झाली, की सारी पाटी निरुपयोगी होण्याचा धोका असतो.

दाबाच्या पातळ्यांचे गौडबंगाल

खोक्यावरील सर्वांत ठळक आकडा दाबाच्या पातळ्यांचा असतो : २०४८, ४०९६, ८१९२ आणि अलीकडे १६,३८४. आकडा दुप्पट म्हणजे दर्जा दुप्पट, असे ग्राहकास वाटावे हाच त्याचा हेतू. प्रत्यक्षात २०४८ आणि ८१९२ पातळ्यांमधील फरक रेघेत दिसून येणे जवळजवळ अशक्य आहे. महत्त्वाची बाब खोक्यावर सहसा छापलेली नसते, ती म्हणजे लेखणी किती हलक्या स्पर्शाला जागी होते. पेन्सिलीने अलगद छाया देताना हात कागदावर जेमतेम टेकतो. तेवढ्या दाबाला रेघ उमटत नसेल, तर पातळ्या कितीही असोत, चित्रकाराला प्रत्येक वेळी बोटांवर जोर द्यावा लागतो आणि मनगट दुखू लागते. दुकानात पाटी जोडून दाखविण्याची विनंती करावी आणि लेखणीच्या केवळ वजनाने रेघ उमटते का ते पाहावे.

देवनागरी सुलेखन करणाऱ्यांसाठी तर हा आकडा आणखी गौण आहे. बोरूने काढलेल्या अक्षरातील जाड-बारीकपणा दाबातून येत नाही. तिरक्या कापलेल्या टाकाचा कोन स्थिर ठेवून हात वळविला, की रेघ आपोआप जाड-बारीक होते. संगणकातही चपट्या टोकाचा कुंचला निवडून त्याचा कोन एकदा ठरवून दिला, की साध्यातल्या साध्या पाटीवर बोरूचे वळण साधता येते. लेखणीचा कल ओळखणारी महागडी पाटी त्यासाठी आवश्यक नाही.

पैसे खर्च करावयाचे असतील, तर ते आकारासाठी करावेत. पोस्टकार्डाएवढ्या पाटीवर संगणकाचा संपूर्ण पडदा सामावलेला असतो. त्यामुळे हात इंचभर सरकला, तरी पडद्यावर रेघ बरीच लांब धावते. सही करणे, गणिते लिहून दाखविणे, छायाचित्रांतील डाग काढणे यांसाठी एवढा आकार पुरतो. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन शिकविणाऱ्या अनेक शिक्षकांचे काम अशा पाट्यांवर भागले. चित्रकाराचा हात मात्र कोपरापासून फिरतो आणि त्याला साधारण दहा इंच गुणिले सहा इंच चित्रक्षेत्र सोयीचे पडते. एखाद्या नामांकित कंपनीची लहान पाटी घेण्यापेक्षा तेवढ्याच किमतीत दुसऱ्या कंपनीची मध्यम पाटी घेणे अधिक शहाणपणाचे. खोक्याची लांबी-रुंदी फसवी असते. पाहावयाचे ते प्रत्यक्ष रेघ उमटणारे क्षेत्र.

पडदा असलेल्या पाट्यांचे आकर्षण मोठे आहे, कारण त्यांच्यावर रेघ लेखणीच्या टोकाखालीच उमटते. त्यांची किंमत मात्र सर्वसाधारणपणे पंधरा-वीस हजारांच्या पुढे जाते. साध्या पाटीवर हात खाली आणि नजर समोर अशी कसरत करावी लागते. पहिले काही दिवस रेघा वेड्यावाकड्या येतात आणि पाटी सदोष असल्याची शंका येते. दोन-तीन आठवड्यांच्या सरावाने हात आणि डोळा यांचे जमून जाते. तोवर पाटी परत करण्याची घाई करू नये.

घरी संगणक नसल्यास काही पाट्या अँड्रॉइड मोबाइललाही जोडता येतात. मात्र मोबाइल उभा धरला असता अनेक पाट्यांचा लहानसा भागच चालतो. या कामासाठी मोठी पाटी घेणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. सॉफ्टवेअरवर तर सुरुवातीला एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. 'क्रिता' हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्सवर विनामूल्य मिळते. पुस्तकातील चित्रांपासून ॲनिमेशनपर्यंत बरेच काही त्यात करता येते.

पाटी जोडल्यावर येणाऱ्या अडचणी बहुधा यंत्राच्या नसून ड्रायव्हरच्या असतात. दुसऱ्या कंपनीचा जुना ड्रायव्हर संगणकात राहिला असेल, तर दाब कळेनासा होतो. तो आधी काढून टाकावा. पाटीवर काढलेले वर्तुळ पडद्यावर लंबगोल दिसत असेल, तर पाटी आणि पडद्याचे प्रमाण सारखे राखण्याचा पर्याय ड्रायव्हरमध्येच असतो. डावखुऱ्यांनी पाटी उलटी फिरवून तशी नोंद तेथेच करावयाची असते.

वापरलेली पाटी कमी किमतीत मिळत असेल, तर एक पट्टी सोबत न्यावी. तिच्या आधाराने अत्यंत सावकाश तिरकी रेघ ओढावी. ती नागमोडी दिसली, तर लेखणीची जागा पाटीला अचूक कळत नाही असे समजावे. चारही कोपरे तपासावेत आणि तार हलवून जोडणी तुटते का ते पाहावे. मूळ लेखणी सोबत नसेल, तर व्यवहार करू नये. एका मॉडेलची लेखणी दुसऱ्या मॉडेलवर चालेलच असे नाही आणि नव्या लेखणीची किंमत कधीकधी जुन्या पाटीहून अधिक असते. लेखणीचे टोक झिजणारे असते. खडबडीत पाटीवर ते अधिक लवकर झिजते, म्हणून त्याच मॉडेलची टोके बाजारात मिळतात की नाही, याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करून घ्यावी.