सिंहाला गोचीड भारी

मुलांनो, गाईच्या कानामागे चिकटलेली, रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड तुम्ही पाहिली असेलच. हा एवढासा जीव वनराजालाही भारी पडतो. कसा, ते पाहू.

गोचीड रक्त पीत असताना तिच्या लाळेतून बॅबेसिया नावाचे एकपेशीय परोपजीवी जनावराच्या रक्तात शिरतात. ते तांबड्या पेशींत वाढतात व त्या फोडून बाहेर पडतात. पण निरोगी सिंहाची प्रतिकारशक्ती त्यांना काबूत ठेवते.

मग १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटी परिसरात सुमारे १००० सिंह, म्हणजे तेथील एक तृतीयांश सिंह, कसे मेले? त्यांना कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या विषाणूने गाठले होते. परंतु हाच विषाणू इतर वेळी पसरला, तेव्हा सिंह फारसे मेले नव्हते!

हे कोडे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उलगडले. १९९३ साली तेथे मोठा दुष्काळ पडला. उपासमारीने खंगलेल्या रानम्हशींच्या अंगावर गोचिडी माजल्या. अशा म्हशींची शिकार सोपी. तीवर ताव मारणाऱ्या सिंहांनाही गोचिडींनी ग्रासले आणि त्यांच्या रक्तात बॅबेसिया शिरले. त्यातच विषाणूने प्रतिकारशक्ती खच्ची केली. मग बॅबेसियांना अटकाव कोण करणार?

आपल्या गीरच्या जंगलात २०१८ साली अवघ्या काही आठवड्यांत २३ सिंह दगावले. त्या वेळीही तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू आणि बॅबेसिया हे दोन्ही आढळले.

म्हणून सिंह वाचवायचा, तर केवळ शिकाऱ्यांवर पहारा ठेवून भागत नाही. पाऊस, म्हशी, गोचिडी आणि गावातली कुत्री, सर्वांवरच नजर ठेवावी लागते.