तोफ दिसते, गोळा दिसत नाही

कर्तव्यपथावरून तोफ जाते तेव्हा टीव्हीवर तिचा पल्ला सांगतात. तिच्यासाठी गोळे किती दिवसांचे आहेत, हे सांगत नाहीत. सांगूही नये म्हणा. पण त्यातूनच तोफा-विमाने आली की सैन्य सज्ज झाले, हा समज पक्का होतो. ‘कॅग’च्या २०१५च्या अहवालाने त्याला चांगलाच धक्का दिला होता. घनघोर युद्धात ४० दिवस पुरेल इतका दारूगोळा राखीव हवा, हा निकष. मार्च २०१३ मध्ये निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांचाही नव्हता.

मग पैसे टाका आणि बनवा भराभर! हा गैरसमज सर्वांत चिवट. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात १० लाख गोळे देण्याचे ठरवले. पैशाला तोटा नव्हता. तरी मुदत संपताना मजल जेमतेम निम्म्यावर होती.

कारण १५५ मिमीचा गोळा एका छताखाली तयार होत नाही. पोलादाचा लालबुंद ठोकळा प्रेसखाली दाबून पोकळ करायचा, तोंडाकडे निमुळता करायचा, मग लेथवर घ्यायचा. बुडाजवळ तांब्याचा पट्टा बसतो. तोफेच्या नळीतल्या आट्यांत तो रुततो, म्हणून गोळा गरगरत नीट जातो. पोकळीत वितळलेले स्फोटक ओतून सावकाश निववायचे. स्फोटकात पोकळी राहिली तर गोळा नळीतच फुटण्याचा धोका, म्हणून एक्स-रे. फ्यूज वेगळ्या जागी बनतो, गोळा फेकणारे प्रॉपेलंट आणखी तिसरीकडे. आपल्याकडे विदर्भातच ही विभागणी दिसते: अंबाझरीत धातूची कवचे, भंडाऱ्यात प्रॉपेलंट, भद्रावतीजवळच्या चांदा ऑर्डनन्समध्ये भरणी. प्रॉपेलंटमधले नायट्रोसेल्युलोज बहुधा सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून बनते. युरोपची गाडी अडली त्यात लिंटरसाठी चीनवर विसंबणे हेही एक कारण होते. तोफगोळ्यांची टंचाई सरकीपर्यंत पोहोचते, हे आपल्या कापूसपट्ट्यातही चटकन कोणाला पटणार नाही.

‘तिसरी पाळी लावा’ हेही बोलायला सोपे. स्फोटकांच्या इमारतीत एका वेळी किती माणसे, किती माल, याला मर्यादा असते. इमारतींमध्ये अंतर आणि मातीचे बांध. हे उगाच नाही: जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यातल्या स्फोटात ८ जणांचा जीव गेला.

एकदाच भरपूर साठा करून निश्चिंत व्हावे, तर प्रॉपेलंट पडून पडून बिघडते; उष्णतेत अधिक लवकर. त्यामुळे शांततेच्या काळातही कारखान्याला थोडे-थोडे काम देत राहावे लागते. त्याला उधळपट्टी म्हणणारे हिशेब मला अपुरे वाटतात. बंद पडलेली लाइन यंत्रांना तेल घालून सुरू होत नाही. अनुभवी कामगार तोवर निवृत्त झालेले असतात.

राहिला ‘स्वदेशी’चा मुद्दा. स्वदेशी म्हणजे शंभर टक्के आपले, असे नव्हे. ८३ तेजस विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. त्यांचे इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचे. त्यातले पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले. उलट, विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी परदेशी पोलाद मिळेना, तेव्हा डीआरडीओ आणि सेल यांनी ते इथेच तयार केले. इंजिनाच्या बाबतीत तो टप्पा अजून यायचा आहे.