हवेत थबकलेला कॅमेरा

छत्रपती संभाजीनगरातल्या शहागंजच्या चौकात उभं राहिलं की काहीच पूर्ण दिसत नाही. निजामकालीन घड्याळाचा मनोरा दिसतो तो तारांच्या आणि पाट्यांच्या फटीतून. १७२०च्या सुमारास बांधलेल्या शहागंज मशिदीचा पसारा बाजाराच्या गर्दीत लक्षातच येत नाही. राजाबाजाराकडे, चेलीपुऱ्याकडे, सिटी चौकाकडे जाणारे रस्ते थोड्याच अंतरावर माणसांत आणि रिक्षांत बुडून जातात. तोच चौक साठ मीटर वरून पाहिला तर मशिदीचं प्रांगण, मनोरा आणि बाजाराच्या गल्ल्या एकमेकांशी कशा जोडल्या आहेत ते एका नजरेत उमगतं. असं चित्र घ्यायला पूर्वी हेलिकॉप्टर लागायचं. आता ते काम २४९ ग्रॅम वजनाचं यंत्र करतं, म्हणजे खिशातल्या मोबाइलपेक्षा जेमतेम थोडं जड.

ड्रोन नावाच्या या यंत्राबद्दल बोलताना लोक बहुधा कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. मला मात्र सर्वांत थक्क करतं ते त्याचं हवेत एका जागी उभं राहणं. रिमोटच्या दोन्ही दांड्यांवरून बोटं उचलली तरी ते पडत नाही, भरकटत नाही, वाऱ्याला तोंड देत तिथेच थांबतं.

चार पंख्यांची रचना मुळात फार अस्थिर आहे. १९२२ साली अमेरिकेत जॉर्ज डी बोथेझाट यांनी असं मोठं यंत्र जमिनीवरून उचलून दाखवलं. १९२४ साली फ्रान्समध्ये एतियेन ओमिशेन यांनी तशाच यंत्रातून एक किलोमीटरचा फेरा पुरा केला. पण चार पंख्यांचा तोल क्षणोक्षणी सांभाळणं माणसाच्या हातापायांना झेपणारं नव्हतं, आणि एकाच मोठ्या पंख्याचं हेलिकॉप्टर पुढे निघून गेलं. चार पंख्यांना पुन्हा दिवस आले ते मोबाइल फोनमुळे. फोनचं कलणं-वळणं ओळखता यावं म्हणून त्यात बसवलेले कण्यांएवढे जायरोस्कोप आणि ॲक्सिलरोमीटर कोट्यवधींच्या संख्येनं बनू लागले, स्वस्त झाले, आणि तेच ड्रोनच्या पोटात गेले. २०१० साली फ्रान्सच्या पॅरट कंपनीनं मोबाइलवरून उडवता येणारा ड्रोन आणला. २०१३ साली चीनच्या डीजेआयचा फँटम आला. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ साली सुरू केलेली आयडियाफोर्ज याच वाटेवर होती. २००९ सालच्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात खिडकीपाशी उडणारं यंत्र त्यांनीच पुरवलेलं होतं.

ड्रोनचे दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात आणि दोन उलट. कर्णरेषेवरची जोडी एकाच दिशेची असते. पंखा एका बाजूला फिरला की धड दुसऱ्या बाजूला वळू पाहतं. दोन जोड्यांचे हे उलटसुलट पीळ एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून धड स्थिर राहतं. जागच्या जागी वळायचं असेल तर एक जोडी किंचित जोरात आणि दुसरी तेवढीच हळू फिरवली जाते. पुढे जायचं असेल तर मागचे दोन पंखे वेग घेतात, यंत्र नाक खाली घालून कलतं आणि पुढे सरकतं. एवढ्यासाठी ना सुकाणू लागतं, ना हलणारी पाती. चार मोटरींच्या वेगातला फरक पुरतो, आणि तो फरक आतला संगणक सेकंदाला शेकडो वेळा नव्यानं ठरवतो.

त्याला ठरवता येतं, कारण त्याला आपण कुठे आहोत हे अनेक वाटांनी कळत असतं. जायरोस्कोप कलण्याचा वेग सांगतो, होकायंत्र तोंड कुठे आहे ते सांगतं, आणि सुमारे वीस हजार किलोमीटरवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह जागा सांगतात. उंचीसाठी असतो बॅरोमीटर. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण ११-१२ पास्कलनं उतरतो. एकूण दाब लाखाच्या घरात असताना हा एवढासा उतार ड्रोन टिपतो. पोटाखाली आणखी एक छोटा कॅमेरा असतो. तो जमिनीवरचे ठिपके, भेगा, फरशीचे सांधे बघत राहतो, आणि ते सरकले तर आपण सरकलो हे ओळखून यंत्र मागे येतं.

शहागंजसारख्या ठिकाणी या प्रत्येक इंद्रियाची कसोटी लागते. अरुंद गल्लीत आकाशाची पट्टीच दिसते, उपग्रह कमी सापडतात, आणि त्यांचे संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात. लोखंडी गज आणि पत्रे होकायंत्राला फसवतात. दुकानादुकानांतले वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या लहरींवर चालतात, त्याच लहरी रिमोटही वापरतो. म्हणून खोक्यावर लिहिलेला दहा किलोमीटरचा पल्ला मोकळ्या रानाचा समजावा. पोटाखालच्या कॅमेऱ्याची अडचण निराळी. सलीम अली सरोवराच्या पाण्यावर त्याला धरायला एकही स्थिर खूण मिळत नाही, आणि अंधारातही तीच गत. उपग्रह आणि हा कॅमेरा दोन्ही सुटले की ड्रोन ‘ॲटी’ अवस्थेत जातो. तोल तो सांभाळतो, जागा नाही. मग वारा नेईल तिकडे तो वाहू लागतो आणि त्याला धरून ठेवणं उडवणाऱ्याच्या बोटांवर येतं. मोकळ्या मैदानात, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ही अवस्था समजून घेतल्याशिवाय कुणी दाट वस्तीच्या आसपासही ड्रोन काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

उड्डाणाचे मोड म्हणजे निर्णय यंत्रानं किती घ्यायचे आणि माणसानं किती, याची वाटणी. डीजेआय मिनी ३ या लोकप्रिय मॉडेलात तीन मोड आहेत. सिने मोडमध्ये वेग सेकंदाला ६ मीटरवर बांधलेला असतो आणि वळणं मऊ येतात. वारसा वास्तूंचं चित्रण करायचं तर हाच मोड हवा, कारण दगडी कमानीवरून घाईनं फिरवलेला कॅमेरा कमान दाखवतच नाही. नॉर्मलमध्ये १० मीटर. स्पोर्टमध्ये १६, म्हणजे ताशी सुमारे अठ्ठावन्न किलोमीटर. स्पोर्टमध्ये ड्रोन जास्त कलतो, थांबायला जास्त अंतर घेतो, आणि ज्या मॉडेलांत अडथळे ओळखणारी यंत्रणा आहे तिथे ती या मोडमध्ये बंद होते. समोरून जोराचा वारा असताना परत यायला स्पोर्टचा खरा उपयोग. वस्तीवर त्याचं काही काम नाही. अडथळे ओळखणारी यंत्रणा चालू असली तरी विजेची किंवा केबलची बारीक तार तिला दिसेलच असं नाही, संक्रांतीतला मांजा तर नाहीच.

स्वयंचलित शॉट हा लग्नाच्या शूटिंगवाल्यांचा आवडता भाग. ड्रोनीमध्ये यंत्र माणसावर नजर ठेवून मागे आणि वर जातं, रॉकेटमध्ये सरळ वर, सर्कलमध्ये भोवती, हेलिक्समध्ये मळसूत्रासारखं. पडद्यावर बोटानं चौकट काढून ‘हा माणूस’ किंवा ‘हा मनोरा’ असं सांगायचं, बाकी सगळं यंत्र करतं. दिसायला सोपं असलं तरी यंत्राला एकाच वेळी वर्तुळावर सरकायचं असतं, तोंड मनोऱ्याकडे वळतं ठेवायचं असतं आणि कॅमेरा क्षितिजाशी समांतर राखायचा असतो. हे शेवटचं काम गिंबलचं. तीन अक्षांवरच्या तीन चिमुकल्या मोटरी कॅमेऱ्याला धडाच्या प्रत्येक कलण्याविरुद्ध वळवतात. ड्रोन चालू केल्याबरोबर कॅमेरा मान वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी झटक्यात फिरवून सरळ बघायला लागतो. मोटरी आपल्या हालचालीची हद्द तपासून बघत असतात. त्या वेळी गिंबलवरची प्लास्टिकची टोपी काढायला विसरलं तर मोटरी अडतात आणि पडद्यावर इशारा येतो.

सगळ्या मोडमध्ये सर्वांत मोलाचा मला वाटतो तो ‘रिटर्न टू होम’. पुरेसे उपग्रह मिळाले की ड्रोन उड्डाणाची जागा ‘होम पॉइंट’ म्हणून नोंदवतो. बटण दाबलं, संपर्क तुटला, किंवा परतीपुरतीच बॅटरी उरली, तर तो ठरवलेल्या उंचीपर्यंत चढतो, सरळ रेषेत येतो आणि उतरतो. ती उंची उडवण्याआधी आपणच ठरवायची असते आणि लोक तिकडेच दुर्लक्ष करतात. ती वीस मीटर ठेवली आणि वाटेत मोबाइल टॉवर असला, तर साधं यंत्र सरळ त्याच्यावर जाईल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पडद्यावरची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नाही. गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याहून उडवलेला ड्रोन उतारावरून वर जाताना आकडा साठच दाखवत राहतो, पण खालची जमीन मात्र चढत चढत त्याच्या जवळ येत असते.

मिनी ३ची बॅटरी कागदावर ३८ मिनिटं चालते, तीही वारा नसताना. प्रत्यक्षात कमीच धरावी. या यंत्राची कामाची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस आहे, आणि मराठवाड्यात मे महिन्याची दुपार ती सहज ओलांडते. शूटिंग सकाळी आटोपावं.

आता नियम. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतो. २४९ ग्रॅमचा आकडा त्यातूनच महत्त्वाचा ठरतो. पंख्यांची संरक्षक जाळी चढवली की वजन ही रेषा ओलांडतं. नॅनोला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही, पण आकाशाची बंधनं त्यालाही आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतलं आकाश जमिनीपासूनच निर्बंधित क्षेत्रात मोडतं आणि तिथे परवानगी लागते. चिकलठाणा विमानतळ शहागंजपासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे या चौकावर ड्रोन चढवायचा तर आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघायचा, परवानगी घ्यायची आणि मगच बॅटरी लावायची. शिवाय ९ फेब्रुवारी २०२२ पासून संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद वगळता परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग आणता येतात.

एक मोड उरला, वेपॉइंट. नकाशावर बिंदू ठेवायचे, प्रत्येकाची उंची आणि कॅमेऱ्याचा कोन ठरवायचा, आणि यंत्र तीच वाट हवी तितक्या वेळा उडून येतं. हौशी माणसाला याचा उपयोग एकाच जागेची पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली चित्रं जोडून दाखवायला होतो. याच तत्त्वावर, पण कितीतरी जास्त अचूकतेच्या व्यावसायिक ड्रोननं, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाच्या मोजणीचा प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेची रीतही हीच आहे. उड्डाणाआधी घराघराच्या हद्दीवर चुन्यानं रेषा आखतात. मग ड्रोन नांगरटीच्या तासांसारख्या समांतर रांगांत गावावरून जातो आणि प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा येईल अशा बेतानं टिपत राहतो. ते फोटो जोडून एक सलग नकाशा तयार होतो आणि त्यावर चुन्याच्या रेषा स्पष्ट दिसतात. मग भूमी अभिलेखची माणसं गावात येऊन ती हद्द घरमालकांसमोर ताडून बघतात, हरकती ऐकतात, आणि ज्या घराचा कागद पिढ्यान्‌पिढ्या नव्हता त्याची मिळकत पत्रिका तयार होते.