सुटलेला बाण शोधताना

सुटलेला बाण परत येत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. तिरंदाजाचा मात्र निम्मा वेळ बाण परत आणण्यातच जातो. सत्तर मीटर चालायचं, लक्ष्यातून बाण उपटायचे, मोजायचे, परत यायचं. सहा सोडले आणि पाचच हाती लागले, की सराव तिथे थांबतो आणि शोध सुरू होतो.

गेल्या भाद्रपदात पुण्याजवळच्या एका मैदानावर माझा एक बाण असा गेला. पाऊस नुकता उघडला होता, गवत गुडघ्याला लागत होतं. बाण लक्ष्याच्या खालून गेल्यासारखा वाटला, पुढे काही दिसलं नाही. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत शोधत होतो. शेवटी आमचे प्रशिक्षक म्हणाले, "उभं राहून काय बघतेस? तो गवतावर नाही, गवताखाली आहे." बाण काही त्या दिवशी मिळाला नाही. पण तेव्हापासून हरवलेल्या बाणांबद्दल जे जे मिळेल ते मी वाचत आले आहे.

कार्बनचा बाण पेन्सिलीहून बारीक आणि वजनाला वीस-पंचवीस ग्रॅम. वरून तिरका येणारा बाण मातीत रुततो, त्याची पिसं वर राहतात आणि तो सापडतो. सपाट येणारा बाण रुतत नाही. गवताच्या बुडाशी, मुळांना चिकटून तो सापासारखा सरपटत जातो आणि वरचं गवत पुन्हा मिटून जातं. मोडलेली एक काडीही मागे राहत नाही. म्हणून जाणते लोक डोळ्यांआधी पावलांनी शोधतात. पाय न उचलता, जमिनीला घासत, एकेक वीत पुढे सरकतात. बुटाला दांडी लागली की थांबायचं. काही जण बागेतलं दाताळं घेऊन जातात, काही जण धातुशोधक यंत्र. बाणाची दांडी कार्बनची असली तरी टोक पोलादी असतं, तेवढं यंत्राला पुरतं. शिकारीच्या बाणाला मात्र हाताने चाचपडायचं नाही, कारण त्याच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती बसवलेली असतात.

अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि राज्याराज्यांत तिचे हंगाम ठरलेले असतात. मी स्वतः शिकारीच्या बाजूची नाही. तरीही तिथल्या चांगल्या शिकाऱ्यांची एक शिस्त मला मनापासून पटली. बाण सुटल्यावर शिकारी जागचा हलत नाही. हरीण नेमकं कुठे उभं होतं, कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं, पाला शेवटचा कुठे वाजला, हे तो मनात पक्कं करतो. मचाणावरून उतरण्याआधी आपल्या जागेला रंगीत फीत बांधतो, म्हणजे खाली गेल्यावर मागे वळून बाणाची रेषा धरता येते. हे महत्त्वाचं, कारण मचाणावरून दिसणारं रान आणि खाली उतरल्यावर दिसणारं रान एक नसतं. वीस पावलांवरचं झुडूप खाली गेल्यावर तिसऱ्याच दिशेला असल्यासारखं वाटतं.

बाणाची किंमत हे या शोधाचं खरं कारण नव्हे. जनावराला काय झालं ते सांगणारा साक्षीदार बाणच असतो. पुष्कळदा तो शरीराच्या आरपार जाऊन पलीकडे पडलेला असतो. त्यावरचं रक्त लालभडक आणि बुडबुड्यांचं असेल तर घाव फुप्फुसाचा, म्हणजे जनावर फार लांब गेलेलं नसतं. गडद रक्त असेल तर यकृताचा संशय येतो. हिरवट चिकटा आणि दुर्गंधी असेल तर बाण पोटातून गेलेला असतो. अशा वेळी लगेच माग काढला तर वेदनेतलं जनावर उठून मैलभर पळतं आणि मग कधीच सापडत नाही. म्हणून सहा-आठ तास थांबायचं असतं. बाण स्वच्छ निघाला, तरच 'नेम चुकला' असं म्हणता येतं. न शोधता 'चुकला असेल' म्हणत घरी जाणारा माणूस कदाचित एका जखमी जिवाला रानात मरायला सोडून जात असतो. याहून वाईट वागणूक शिकारीत दुसरी नसावी.

शोधण्याची एक युक्ती फार जुनी आहे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या पहिल्याच अंकात बसानिओ मित्राकडे पुन्हा उसने पैसे मागताना ती सांगतो. शाळकरी वयात एक बाण हरवला, की तसाच दुसरा बाण त्याच दिशेला सोडायचा आणि या खेपेला त्यावरची नजर काढायची नाही. दुसरा सापडतो आणि पुष्कळदा त्याच्याजवळच पहिलाही. त्या काळी इंग्लंडमधली मुलं धनुष्यबाणावरच वाढत, त्यामुळे प्रेक्षकांना हे समजावून सांगायची गरज पडली नसणार. आम्हीही करून पाहिलं आहे. दुसरा बाण टोकाला रंगीत धागा बांधून सोडावा लागतो, नाहीतर दोन्ही जातात.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली. तीरकामठा हा शब्द भाषेत राहिला, आणि खेळ म्हणून तिरंदाजी नव्याने आली. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. असे खेळाडू जिथे घडतात त्या मैदानांच्या मागच्या गवतात किती बाण गेले असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पण हरवलेल्या बाणांचं सर्वांत मोठं भांडार गवतात नाही, बर्फात आहे.

नॉर्वेच्या दक्षिण भागात योटुनहाइमेन नावाचा उंच डोंगराळ मुलूख आहे. उन्हाळ्यात तिथल्या रेनडिअरना माश्या हैराण करतात. काही माश्या नाकात अळ्या सोडतात, काहींच्या अळ्या कातडीखाली वाढतात. त्यांच्यापासून सुटका म्हणून कळप उंचावरच्या बर्फाच्या पट्ट्यांवर जाऊन उभे राहतात. तिथे गारवा असतो, वारा असतो आणि माश्या कमी असतात. हे माणसांना हजारो वर्षांपूर्वीच कळलं होतं. ते काठ्यांच्या रांगा रोवत. काठीच्या टोकाला वाऱ्यावर हलणारी पातळ फळी बांधलेली असे. तिला बिचकून कळप दडून बसलेल्या शिकाऱ्यांकडे वळे. मग बाण सुटत. जो चुके तो बर्फात शिरून दिसेनासा होई. गवताखाली जातो तसाच.

२००६ सालच्या उबदार मोसमात तिथल्या लांगफोन्ने या बर्फपट्ट्याच्या कडेला डोंगर भटकणाऱ्या एका स्थानिक माणसाला चामड्याचा जोडा सापडला. तो निघाला सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचा, कांस्ययुगातला. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ दरवर्षी वितळत्या कडांवर जाऊ लागले. एकट्या लांगफोन्नेमधून ६८ बाण निघाले. सर्वांत जुने सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे, सर्वांत अलीकडचे मध्ययुगातले. एकाच उतारावर, एकाच जनावरासाठी, पाच हजारांहून अधिक वर्षं माणसं नेम चुकत आली होती. या बाणांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. भूर्ज, पाइन अशा लाकडांच्या दांड्या, स्नायूच्या तंतूंची बांधणी, भूर्जाच्या सालीपासून केलेला डिंकासारखा चिकटा. कुठे टोक दगडाचं, कुठे हाडाचं, कुठे लोखंडाचं. काही टोकं तर नदीतल्या शिंपल्याची आहेत. ही शेवटची गोष्ट वाचताना मी थांबले. शिंपला घासून धारदार करून, बर्फाच्या डोंगरावर चढून नेम धरणारा माणूस डोळ्यांसमोर आणायला मला थोडा वेळ लागला.

हिमनदी वाहते, आणि पोटातलं सगळं दळून टाकते. हे बर्फपट्टे मात्र जवळपास जागचे हलत नाहीत, म्हणून नाजूक दांड्या शाबूत राहतात. तरी बर्फ म्हणजे कुलूपबंद पेटी नव्हे. लांगफोन्नेचे सर्वांत जुने बाण सर्वांत जास्त मोडलेले होते. तळाचा बर्फ दाबाने आकार बदलतो आणि आतल्या वस्तू वाकवतो, मोडतो. जे मध्येच उघडे पडले ते वितळत्या पाण्याबरोबर सरकले, वाऱ्याने हलले. म्हणून बाण जिथे सापडला तिथेच तो हरवला होता, असं म्हणता येत नाही. गवतातल्या शोधाने मलाही हेच शिकवलं आहे.

अशीच कथा कॅनडातल्या युकॉनची. १९९७ साली तिथे रानमेंढ्यांच्या शिकारीला गेलेल्या एका जोडप्याला बर्फावर काळपट थर दिसला. ती कॅरिबूंची, म्हणजे तिथल्या रेनडिअरची, लीद होती, आणि तीही अशा डोंगरावर जिथे आता कॅरिबू फिरकत नाहीत. तिच्यात मिळालेला लाकडी तुकडा चार हजार वर्षांहून जुना ठरला. तो बाणाचा नव्हता, हातातल्या फेकदांडीने भिरकावायच्या लांब भाल्याचा होता. पुढे त्या बर्फातून इतके भाले आणि बाण निघाले की एक बदल स्पष्ट दिसला. सुमारे १,२०० वर्षांपूर्वीपर्यंत तिथे फेकदांडी होती, मग तिची जागा धनुष्याने घेतली. हे काम तिथल्या मूळ रहिवासी समाजांच्या बरोबरीने चाललं आहे. हरवलेली हत्यारं त्यांच्याच पूर्वजांची आहेत.

लागलेला बाण शिकारी काढून घेत असे. तो पुन्हा वापरला जाई, पुन्हा टोक बसवलं जाई, शेवटी मोडून चुलीत जाई. त्याचं काहीच उरलं नाही. आज संग्रहालयात जे बाण आहेत त्यांतले पुष्कळसे चुकलेल्या नेमाचे आहेत, ज्यांच्यासाठी कुणीतरी थंडीत हात लाल होईपर्यंत बर्फ उकरला असेल आणि संध्याकाळी रिकाम्या हाती खाली उतरला असेल. त्या माणसाबद्दल मला फार जवळीक वाटते.

नॉर्वेतल्या शोधकांच्या हाती वर्षाला थोडेच आठवडे असतात, जुना हिवाळी बर्फ ओसरल्यापासून नवा पडेपर्यंत, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबर. रांगेने, कडेकडेने, पायाखालचा दगड न् दगड बघत ते चालतात. लांगफोन्नेचे आता तीन तुकडे झाले आहेत, आणि काही दशकांपूर्वी होता त्याच्या एक तृतीयांशही बर्फ तिथे उरलेला नाही. उघडा पडलेला बाण लगेच उचलला गेला नाही, तर पिसं आणि तंतू आधी जातात, मग लाकूड चिरतं.

माझा बाण दिवाळीनंतर सापडला. मैदानाचं गवत कापायला आलेल्या मावशींच्या विळ्याला तो लागला. बरं झालं त्यांनी तो वेगळा काढला, कारण कार्बनच्या दांडीचे सुईसारखे तुकडे वैरणीत गेले असते तर गाईच्या पोटात जायला वेळ लागला नसता. मी त्यांना जागा दाखवायला सांगितली. आम्ही लक्ष्याच्या मागे तीस-चाळीस पावलांपर्यंत शोधलं होतं. बाण लक्ष्याच्या अलीकडे अकरा पावलांवर होता.